बॉल दाबू नका, सोडून बघा : टप्पा मोजायची घरगुती रीत

दुकानात बॉल घ्यायला आलेलं माणूस आधी तो अंगठ्याने दाबतं. मग कानाशी नेऊन हलवतं. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मग म्हणतं, "ताई, हा जरा मऊ वाटतोय, कडक द्या." साताऱ्यात खेळाच्या सामानाचं आमचं दुकान वडिलांनंतर मी सांभाळते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे, त्यामुळे हे बघून गप्प राहवत नाही. दाबून बॉल किती कडक आहे ते कळतं. तो टप्पा किती घेईल ते कळत नाही. लाकडाचा चेंडू दगडासारखा कडक असतो, तरी फरशीवर नुसता ठक्क करून बसतो. पोरांच्या खेळण्यातला रबरी बॉल दोन बोटांत दबतो आणि कमरेपर्यंत उडतो.

टप्पा बघायचा असेल तर बॉल सोडून बघावा लागतो, आणि सोडायचीही एक रीत आहे. ती नीट जमली की घरबसल्या दोन गोष्टी हाती लागतात. बॉल चांगला आहे की नाही हे कळतं, आणि गुरुत्वाकर्षणाचा या सगळ्यात नेमका हात किती, तेही कळतं. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते, म्हणून तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी फरशी बघा

बॉलइतकीच जमीन महत्त्वाची. गच्चीवरचा कोबा उत्तम, जाड शहाबादीही चालते. टाइल्स असतील तर रुपयाच्या नाण्याने ठोकून बघा. ज्या टाइलखाली सिमेंट नीट भरलेलं नाही ती पोकळ वाजते. अशी टाइल बॉल पडला की स्वतःच जराशी वाकते आणि बॉलची ताकद खाऊन टाकते. शेजारच्या दोन टाइल्सवर एकाच बॉलची उसळी वेगवेगळी येते, आणि लोक दोष बॉलला देतात. सतरंजी, गालिचा, माती यांवर मोजू नका. मोजलंत तर तो आकडा बॉलचा नसून सतरंजीचा असेल.

सामान फारसं लागत नाही. एक मेजर टेप, भिंतीवर खुणा करायला कागदी चिकटपट्टी, आणि मोबाइल. भिंतीवर जमिनीपासून बरोबर १ मीटरवर एक खूण करा. त्याखाली ३० ते ९० सेंटिमीटरच्या दरम्यान दर पाच सेंटिमीटरला एकेक खूण.

आता बॉल भिंतीपासून वीतभर लांब धरा. बॉलचा तळ १ मीटरच्या खुणेशी आला पाहिजे, मधला भाग नाही. वर आल्यावरही तळच बघायचा. सोडताना तळ आणि उसळी बघताना माथा असं केलंत, तर टेनिस बॉलच्या बाबतीत साडेसहा सेंटिमीटरची चूक तिथेच झाली. दोन बोटांनी बाजूंनी धरा आणि दोन्ही बोटं एकदम उघडा. मनगट हलवू नका. मुलांना "सोड" म्हटलं तरी ती हळूच खाली ढकलतात. त्यांना सांगा की बॉल निसटला पाहिजे.

बघणाऱ्याचा डोळा उसळीच्या उंचीशी यायला हवा. उभं राहून वरून बघितलं तर उसळी कमी दिसते. पहिल्या वेळी नुसता अंदाज घ्या, मग त्या उंचीला डोळे येतील असं बसा. त्याहून सोपं म्हणजे त्या उंचीच्या स्टुलावर मोबाइल ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. भिंतीला घासलेले, फिरकी लागून बाजूला गेलेले टप्पे सोडून द्या. चार-पाच सरळ पडलेले घ्या आणि त्यातला मधला आकडा धरा.

उसळीच्या उंचीला सोडलेल्या उंचीने भागा. १ मीटरवरून सोडलेला बॉल ५६ सेंटिमीटर वर आला तर ५६ टक्के. एवढंच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघही हेच करतो, फक्त उंचीवरून. त्यांच्या नियमाप्रमाणे बॉल २५४ सेंटिमीटरवरून, म्हणजे १०० इंचांवरून, काँक्रीटवर सोडायचा आणि तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे ५३ ते ५८ टक्के. घरी १ मीटरवरून सोडलात तर आकडा किंचित जास्त येतो, कारण हळू आपटलेला बॉल कमी चेपतो आणि कमी गमावतो. टेबल टेनिसमध्ये परीक्षा टेबलाची असते. नियमातला बॉल ३० सेंटिमीटरवरून सोडला की टेबलावर सगळीकडे साधारण २३ सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे जवळजवळ ७७ टक्के. सोसायटीतलं टीटी टेबल कुठे मेलंय ते शोधायला यासारखी युक्ती नाही. कोपऱ्यांपासून सुरू करा.

उरलेले टक्के गेले कुठे?

१ मीटरवरून पडलेला बॉल जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, म्हणजे तासाला १६ किलोमीटर. २५४ सेंटिमीटरवरून पडला तर तासाला २५. इथपर्यंतचं काम गुरुत्वाकर्षणाचं.

पुढे काय होतं ते डोळ्याला दिसत नाही. टेनिस बॉल जमिनीला चिकटून असतो ते सेकंदाच्या हजार भागांतले फक्त पाच भाग. तेवढ्यात तो चेपतो, थांबतो, परत फुगतो आणि सुटतो. हिशोब करून बघा. बॉलचं वजन ५८ ग्रॅम. २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला तो सेकंदाला ७ मीटर वेगाने खाली येतोय आणि सव्वापाचने वर जातोय, म्हणजे वेगात सव्वाबारा मीटरचा बदल, तोही सेकंदाच्या दोनशेव्या भागात. त्यासाठी जमिनीला सरासरी चौदा-साडेचौदा किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. बॉलच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचशे पट! त्या क्षणी पृथ्वी बॉलला खाली ओढत असतेच, पण अडीचशे विरुद्ध एक. टप्पा पडत असताना गुरुत्वाकर्षण जवळजवळ प्रेक्षकात बसलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग टप्पा घडवतं कोण? बॉलचं रबर आणि आतली हवा. रबराचे रेणू लांबलचक असतात आणि शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले असतात. बॉल चेपला की काही ताणले जातात, काही सरकतात. दाब गेला की पुन्हा पहिल्यासारखे गुंत्यात जायला बघतात, आणि तीच बॉलला वर ढकलणारी ताकद. पण सरकताना ते एकमेकांवर घासतात. चेपताना जेवढी ऊर्जा आत गेली तेवढी परत येत नाही, फरक उष्णतेत जातो. थोडी जमिनीच्या थरथरीत जाते. आवाजात जाते ती फारच थोडी, एवढा ठाप्प आवाज येऊनसुद्धा.

"मग बॉल गरम का लागत नाही?" असं पोरं विचारतात. एका टप्प्याने टेनिस बॉलचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही वाढत नाही. पण स्क्वॉशवाल्यांना विचारा. त्यांचा छोटा काळा बॉल सुरुवातीला अगदी मेल्यासारखा असतो. भिंतीवर मारून मारून तो तापवल्याशिवाय ते खेळ सुरू करत नाहीत. तापला की त्याचं रबरही बदलतं, आतली हवाही फुगते, आणि उसळी डोळ्यांना दिसण्याइतकी वाढते. दोन पिवळ्या ठिपक्यांचा, म्हणजे सगळ्यात कमी उसळणारा बॉल घेऊन शिकाऊ मुलं येतात आणि म्हणतात, बॉल खराब आहे. बॉल खराब नसतो, तो तापण्याइतका जोर अजून त्यांच्या हातात नसतो. त्यांना मी एक ठिपक्याचा देते.

याच्या उलट टोकाला सुपर बॉल. अमेरिकेतल्या नॉर्मन स्टिंगली या रसायनतज्ज्ञाने १९६०च्या दशकात पॉलिब्युटाडाइन नावाच्या कृत्रिम रबरापासून तो केला. त्याचे रेणू एकमेकांवर फारच कमी घासतात, म्हणून छातीच्या उंचीवरून सोडला तर पुन्हा छातीजवळ येतो. जत्रेत रंगीबेरंगी मिळतात ते त्याचेच भाऊबंद. घरात खेळू देऊ नका, एवढंच सांगते.

पाचगणीचा प्रश्न

आता ती उलटी बसलेली गोष्ट. पाचगणीच्या निवासी शाळांना आमच्याकडून सामान जातं. तिथले एक क्रीडाशिक्षक एकदा म्हणाले, "ताई, तुमचे टेनिस बॉल इथे दुकानात ठीक असतात, पण आमच्याकडे वर नेले की जास्त उडतात. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी ना!"

सरांचं निरीक्षण पक्कं होतं, कारण चुकीचं.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. एवढं वर गेल्यावर गुरुत्वाकर्षण कमी होतं हे खरं, पण किती? फार तर दहा हजारांत चार भाग. महाराष्ट्रात ते साधारण ९.७९ आहे, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.७९ मीटरने वाढतो. पाचगणीतही तोच आकडा धरला तर कोणी तक्रार करणार नाही.

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा गुरुत्वाकर्षण खरोखरच निम्मं झालं, तरी १ मीटरवरून सोडलेला बॉल तितकाच उसळेल. निम्म्या ओढीने तो हळू पडेल, हळू आपटेल, हळूच परत सुटेल. पण वर जाताना त्याला मागे खेचणारी ओढही निम्मीच आहे. पडताना जे कमी मिळालं ते चढताना कमीच फेडावं लागतं, आणि हिशोब तंतोतंत मिटतो. ५६ टक्के ते ५६ टक्केच. थोडा फरक पडलाच तर तो हळू आपटल्यामुळे रबराने कमी खाल्ल्याचा. उसळीची उंची रबर ठरवतं. गुरुत्वाकर्षण ठरवतं वेळ.

चंद्रावर ओढ १.६२, आपल्या सहाव्या भागाइतकी. इथे १ मीटर पडायला बॉलला ०.४५ सेकंद लागतात, तिथे १.११ लागतील. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलेलं तुम्ही पाहिलं असेल. हवा नसल्यामुळे दोन्ही एकदम टेकतात, हे तर आहेच. पण किती सावकाश पडतात तेही बघा. तिथे नेऊन काँक्रीटची फरशी टाकली आणि भरीव रबरी बॉल सोडला तर तो साधारण तेवढाच वर येईल, फक्त अडीच पट वेळ घेत. (फरशी टाकावीच लागेल. चंद्राच्या भुकटीत बॉल रुतून बसेल.)

मग "चंद्रावर बॉल सहा पट उडतो" हे आपण कुठून ऐकलं? ते हाताने वर फेकलेल्या बॉलबद्दल आहे. हाताने दिलेला वेग दोन्हीकडे सारखाच, ओढ सहावा भाग, म्हणून सहा पट उंच. आपटून मारलेला बॉलही तसाच, कारण तिथेही वेग हाताने दिलेला असतो. सोडलेल्या बॉलला मात्र वेग गुरुत्वाकर्षणच देतं आणि तेच परत काढून घेतं. सोडणं आणि फेकणं यात गल्लत झाली की सगळं गणित बिघडतं. म्हणून तर मघाशी "ढकलू नका" म्हणून जीव काढला.

पाचगणीचा बॉल जास्त उडतो तो हवेमुळे. टेनिसचे चांगले बॉल दाबाखाली हवा भरून केलेले असतात आणि डबाही दाबाखालीच सीलबंद असतो. डबा उघडताना फुस्स होतं ते त्यामुळे. १३०० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी कमी. आतला दाब तोच, बाहेरचा आवळ कमी, म्हणून बॉल जास्त ताठ होतो आणि रबराला कमी काम पडतं. वर हवाही विरळ, त्यामुळे फटकाही लांब जातो. टेनिस महासंघाने १२१९ मीटरपेक्षा उंच जागांसाठी वेगळे बॉल ठरवून दिलेले आहेत. त्यांतल्या दाबाच्या बॉलची उसळी मुद्दाम कमी, त्याच २५४ सेंटिमीटरवरून १२२ ते १३५. पाचगणी आणि महाबळेश्वर दोन्ही त्या रेषेच्या वर येतात. तसले बॉल आपल्याकडे मागून मिळत नाहीत, म्हणून सरांना मी बिनदाबाचे दिले. त्यांची उसळी जाड रबरातून येते, आतल्या दाबातून नाही, त्यामुळे घाट चढला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. हाताला ते जरा जड लागतात, अशी मुलींची कुरकुर आहे.

कानाने मोजा

डोळ्यापेक्षा कान नेमका. बॉल सोडा आणि मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट ॲप मला आवडतं, कारण त्यात टप्प्यांच्या आवाजावरून उंची काढायचा प्रयोग तयारच आहे. पण एकदा तरी हाताने करा.

आलेखात दर टप्प्याला एक उभा काटा दिसेल. पहिल्या आणि दुसऱ्या काट्यामधलं अंतर सेकंदांत मोजा. समजा ते ०.६८ आलं. या वेळात बॉल वर गेला आणि खाली आला, म्हणजे निम्मा वेळ, ०.३४ सेकंद, नुसता पडण्यात गेला. उंची काढायचं सूत्र असं: ९.७९ गुणिले वेळेचा वर्ग, भागिले ८. पडण्याच्या सूत्रातला अर्धा, आणि निम्म्या वेळेचा वर्ग केल्यावर येणारा पाव, मिळून तो आठ झाला. ०.६८ चा वर्ग ०.४६२. उत्तर ०.५६६ मीटर, साडेछप्पन सेंटिमीटर. बॉल पाहायलाही लागला नाही.

दुसरा-तिसरा टप्पा यांतलं अंतर समजा ०.५१ आलं. ०.५१ ला ०.६८ ने भागा: ०.७५. हा वेगाचा हिस्सा. दर टप्प्याला बॉल आपल्या वेगाचे ७५ टक्के राखतो. त्याचा वर्ग करा, ०.५६, हा उंचीचा हिस्सा. दोन आकड्यांत घोळ घालू नका. ७५ टक्के वेग राखणारा बॉल ५६ टक्केच उंची राखतो. आणि या भागाकारात ९.७९ कुठे आला? आलाच नाही. पाचगणीत करा, चंद्रावर करा, दोन्ही वेळा सारख्याच प्रमाणात ताणल्या जातील आणि भागाकार तोच राहील. वर जे शब्दांत सांगितलं ते इथे आकड्यांत दिसतं.

उलटं जायचं असेल, म्हणजे बॉलवरून गुरुत्वाकर्षण काढायचं असेल, तर उंची टेपने मोजा आणि वेळ कानाने. ८ गुणिले उंची, भागिले वेळेचा वर्ग. टेपवर ५६ सेंटिमीटर आणि वेळ ०.६८ असेल तर ९.६९ येतं. शाळेच्या वहीत लिहायला उत्तम आकडा आहे, तो ९.८ करून लिहू नका. उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर दोन टक्क्यांनी हलतं. वेळेत सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर तीन टक्क्यांनी. वेळेचा वर्ग होतो ना, म्हणून तिथे जास्त जपायचं. साताऱ्याचं आणि पाचगणीचं गुरुत्वाकर्षण वेगळं दाखवायला हा प्रयोग अगदीच अपुरा आहे, हेही यातूनच कळतं.

गल्लीत एक टप्पा आऊटचा नियम लावून खेळता ना? बॉल घराच्या पत्र्यावरून, समजा ३ मीटरवरून, सरळ खाली आला. ५५ टक्क्यांचा बॉल दीड मीटरच्या वर, १.६५ मीटर उसळेल. पहिल्या टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत तुमच्या हातात वेळ १.१६ सेकंद. हवा गेलेला, ३० टक्के उसळणारा बॉल आणलात तर ०.८६ सेकंद. बॅटिंग करणारा जुना बॉल का शोधतो, ते कळलं?

आलेखही नको असेल तर नुसतं स्टॉपवॉच घ्या. हे टीटीच्या बॉलला झकास जमतं. ३० सेंटिमीटरवरून टेबलावर सोडा आणि सोडल्यापासून टकटक पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ बघा. ३० सेंटिमीटर पडायला ०.२५ सेकंद लागतात. एकूण वेळ समजा ३.७ सेकंद आला. एकूण वेळेतून ०.२५ वजा करा, ३.४५. एकूण वेळेत ०.२५ मिळवा, ३.९५. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.८७. हा वेगाचा हिस्सा. वर्ग केला की ७६ टक्के उंची. टेबल नियमात बसतंय.

या सूत्राच्या पोटात एक मजा लपलेली आहे. टप्पे लहान लहान होत जातात आणि कागदावरच्या गणितात ते कधीच संपत नाहीत, अगणित असतात. पण प्रत्येकाला लागणारा वेळही घटत जातो, आणि सगळ्यांची बेरीज पावणेचार सेकंदांच्या आतच भरते. खरा बॉल अर्थात शेवटी इतका कमी चेपतो की सुटतच नाही, नुसता थरथरतो. शेवटची ती टर्रर्र ऐकू येते ना, तिथे गणित आणि बॉल वेगळे होतात.

काय बदलून बघायचं

थंडी. रबरी बॉल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि काढल्या काढल्या सोडा. रेणू थंडीत अवघडतात, उसळी खाली येते. टेनिस बॉलला दुहेरी मार, कारण आतली हवाही आकसते. डिसेंबरात पहाटे खेळणाऱ्यांचे बॉल आठला मेलेले आणि अकराला जिवंत असतात ते त्यामुळे.

वय. डबा उघडला की बॉलची हवा रबरातून हळूहळू झिरपायला लागते, खेळा किंवा खेळू नका. कपाटात जपून ठेवलेला उघड्या डब्यातला बॉल हा जपलेला बॉल नव्हे. नवा असताना १ मीटरवरून किती उसळत होता ते डब्यावर पेनाने लिहून ठेवा. पुढे त्याच फरशीवर सोडून बघत राहा.

वजनाबद्दल लोक उगाच फार विचार करतात. लेदर बॉल आणि टीटीचा बॉल १ मीटरवरून एकदम सोडा, जवळजवळ एकदमच टेकतील. २.७ ग्रॅमचा टीटी बॉल उंचावरून मात्र मागे पडतो, पण ते हवेचं काम, वजनाला कमी ओढ बसते म्हणून नव्हे. लेदर बॉल घरातल्या टाइलवर टाकू नका. आत बूच आणि दोऱ्याची गुंडाळी असते, उसळी फारशी मिळत नाही आणि टाइल जाते.

काच. हे ऐकून सगळे चकित होतात. काचेची गोटी जाड ग्रॅनाइटच्या ओट्यावर बोटभर उंचीवरून सोडा. रबरालाही लाजवेल अशी उसळते. काच फारच थोडी चेपते, पण जेवढी चेपते तेवढं जवळजवळ सगळं परत देते. मऊपणा म्हणजे उसळी नव्हे आणि कडकपणा म्हणजेही नव्हे. घेतलेलं परत किती देतं त्यावर सगळं. न्यूटनने हे दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून मोजलं होतं आणि १६८७ मध्ये छापलं. हवेचा विरोध हिशोबातून वेगळा काढण्याचीही त्याने काळजी घेतली होती. काचेचे गोळे वेगाचे सोळांपैकी पंधरा भाग राखतात, घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे नवांपैकी पाच. उंचीत सांगायचं तर काच ८८ टक्के आणि लोकर ३१. मोबाइल नव्हता, आवाजाचा आलेख नव्हता, आणि तरी हे आकडे.

शेवटचा खेळ फक्त अंगणात. बास्केटबॉलवर टेनिस बॉल ठेवून दोन्ही एकदम सोडा. खालचा बॉल आधी आपटतो आणि वर निघतो, तेव्हा वरचा अजून तेवढ्याच वेगाने खाली येत असतो. दोघांची गाठ पडते ती दुप्पट वेगाने. काहीच वाया गेलं नाही आणि खालचा बॉल फारच जड असेल तर हिशोबाने टेनिस बॉल तिप्पट वेगाने सुटतो, म्हणजे नऊ पट उंच. प्रत्यक्षात रबर आपला वाटा घेतंच, पण तरी पहिल्या मजल्यावरून कोणीतरी डोकावेल इतका उडतो. एका हाताने बास्केटबॉल खालून धरा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी टेनिस बॉल त्याच्या बरोबर माथ्यावर टेकवा, आणि दोन्ही हात एकदम काढून घ्या. टेनिस बॉल माथ्यावरून जरा जरी कललेला असेल तर तो वर न जाता बाजूला सुटतो, तेव्हा शेजारच्यांच्या खिडक्या आधी बंद करून घ्यायला सांगा.